मुख्य झॅबिक्स सर्व्हर आणि शाखांमधील प्रॉक्सी: संपर्क ‘आहे’ असे दिसते, पण माहिती पोहोचत नाही

कोकणलाइन

नमस्कार. आमच्या संस्थेचा झॅबिक्सचा (नेटवर्कवर देखरेख करणाऱ्या प्रणालीचा) मुख्य सर्व्हर पुण्यात असून सोलापूर, नांदेड, रत्नागिरी आणि कुडाळ येथील शाखांमध्ये प्रत्येकी एक प्रॉक्सी (शाखेतल्या उपकरणांची माहिती गोळा करून पुण्याला पाठवणारा मध्यस्थ) बसवलेला आहे. प्रॉक्सी सक्रिय पद्धतीने चालतात, म्हणजे सर्व्हर त्यांच्याकडे जात नाही; तेच पुण्याच्या १००५१ या पोर्टवर येऊन गोळा केलेली मोजमापे देतात आणि नवे कॉन्फिगरेशन घेऊन जातात. रत्नागिरी आणि कुडाळ येथील जुनी लीज लाइन काढून अलीकडे तिच्या जागी पीपीपीओई पद्धतीचे ब्रॉडबँड आणि त्यावरून पुण्यापर्यंत आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध वाट) अशी व्यवस्था करण्यात आली. तेव्हापासून पुढील त्रास सुरू आहे.

प्रॉक्सींच्या यादीत दोन्ही ठिकाणांपुढे ‘शेवटचा संपर्क’ काही सेकंदांपूर्वीचा दिसतो. म्हणजे वरवर पाहता सारे सुरळीत आहे. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या स्विचचे आलेख तासतासभर रिकामे राहतात, मध्येच थोडी मोजमापे येतात आणि पुन्हा खंड पडतो. कुडाळला नवीन राउटर देखरेखीखाली घेतला, तर त्याची नोंद प्रॉक्सीपर्यंत पोहोचतच नाही. क्यू, म्हणजे वेळेवर न आलेल्या मोजमाप-घटकांची यादी, पाहिली तर या दोन प्रॉक्सींच्या नावावर दहा मिनिटांहून अधिक उशीर झालेल्या घटकांचा ढीग आहे. सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी की, सोलापूरच्या लाइनला कोणी हातही लावलेला नाही, तरी त्याची माहितीसुद्धा अधूनमधून उशिरा येऊ लागली आहे.

पुण्याच्या १००५१ पोर्टला रत्नागिरीहून टेलनेट (पोर्ट उघडा आहे का हे पाहण्याची साधी जोडणी) लागते. पिंगमध्ये एकही पॅकेट गळत नाही. ब्रॉडबँड देणारी कंपनी म्हणते की लाइन उत्तम आहे, आणि फायरवॉल सांभाळणारे म्हणतात की पोर्ट उघडा आहे. पुढे कुठे पाहावे?

रात्रपाळी

तुमच्या वर्णनात उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे, पण आधी तीन गोष्टी वेगळ्या करून पाहू, कारण ‘प्रॉक्सी जोडलेला आहे’ या एका वाक्यात आपण त्या एकत्र कोंबतो. पहिली म्हणजे प्रॉक्सी सर्व्हरशी काहीही बोलला, तरी ‘शेवटचा संपर्क’ ताजा होतो. दुसरी, सर्व्हरकडून प्रॉक्सीकडे येणारे कॉन्फिगरेशन. तिसरी, प्रॉक्सीकडून सर्व्हरकडे जाणारी मोजमापे. पहिली गोष्ट नीट असल्यामुळे उरलेल्या दोन्ही नीट आहेत असे मुळीच सिद्ध होत नाही. देखरेखीच्या पडद्यावरचा तो हिरवा आकडा पाहून निश्चिंत होणारे प्रशासक मी पुष्कळ पाहिले आहेत.

काही गोष्टी आधी बाजूला काढू. चारही प्रॉक्सींची आवृत्ती सर्व्हरच्याच मुख्य आवृत्तीची आहे का? सर्व्हर ७.० आणि प्रॉक्सी ६.० असेल, तर सर्व्हर त्याला ‘जुना’ ठरवतो; त्याची मोजमापे स्वीकारतो, पण त्याला नवे कॉन्फिगरेशन देत नाही. कुडाळचे लक्षण हुबेहूब तसेच आहे. दुसरे, प्रॉक्सीच्या फाइलमधले होस्टनेम आणि सर्व्हरवर नोंदलेले नाव अक्षरशः एकच आहे का? मोठ्या-लहान लिपीचा फरकही चालत नाही. तिसरे, एन्क्रिप्शनची निवड दोन्ही बाजूंना सारखी आहे का? या दोन बाबतींत चूक असती, तर संपर्कच नाकारला गेला असता आणि लॉगमध्ये तशी ओळ आली असती, त्यामुळे मला त्यांची शक्यता कमी वाटते. तरी आवृत्ती मात्र पाहून सांगा.

त्याबरोबरच प्रॉक्सीवरच्या ‘प्रॉक्सी हिस्टरी’ या अंतर्गत घटकाचा आकडा द्या. सर्व्हरला पाठवायची किती मोजमापे प्रॉक्सीकडे शिल्लक आहेत, हे त्यावरून कळते. तो आकडा वाढत असेल, तर प्रॉक्सी उपकरणांकडून माहिती गोळा करतो आहे, पण पुढे ढकलू शकत नाही. तो शून्याजवळ असेल, तर अडचण प्रॉक्सी आणि उपकरणे यांच्यामध्ये आहे आणि टनेलला दोष देण्यात अर्थ नाही.

कोकणलाइन

सर्व्हर आणि चारही प्रॉक्सी ७.० चेच आहेत, पुन्हा तपासून पाहिले. नावे जुळतात. एन्क्रिप्शन पूर्वसामायिक किल्लीचे (दोन्ही बाजूंना आधीच दिलेल्या एकाच गुप्त किल्लीचे) आहे आणि ते पूर्वीपासून चालत आलेले आहे.

शिल्लक मोजमापांचा आकडा मात्र बोलका आहे. सोलापूरला तो बहुतेक वेळ शून्याच्या आसपास असतो. रत्नागिरीला लाखांच्या घरात गेला असून एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग तिथेच रेंगाळतो. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये सर्व्हरला माहिती पाठवताना मुदत संपल्याच्या ओळी एकामागून एक आहेत. रात्री प्रॉक्सीची सेवा बंद करून त्याचा डेटाबेस रिकामा केला आणि पुन्हा चालू केली, तर काही काळ सगळे व्यवस्थित चालते. थोडी जरी लाइन गेली, तरी पुन्हा तेच.

विदागार

आकडा एका मर्यादेला जाऊन रेंगाळतो, त्याचे कारण ‘प्रॉक्सी ऑफलाइन बफर’ हे आहे. सर्व्हरशी संपर्क नसताना मोजमापे किती तास जपून ठेवायची हे त्यात ठरते आणि ते तुम्ही बदललेले नसेल, तर मूळ मूल्य फक्त १ तास असते. एका तासापेक्षा जुनी झालेली, न पाठवलेली मोजमापे प्रॉक्सी स्वतःच पुसून टाकतो. म्हणजे तुमच्या आलेखातले खंड हे ‘उशीर’ नसून त्यातील बराचसा भाग कायमचा गेलेला आहे. अडचण सापडेपर्यंत आधी हा आकडा वाढवा. तो १ ते ७२० तासांपर्यंत ठेवता येतो.

वाढवण्यापूर्वी हिशेब मात्र करा. समजा प्रॉक्सी दर सेकंदाला १५० मोजमापे गोळा करतो. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर २४ तासांत १ कोटी २९ लाख ६० हजार नोंदी होतात. चांगल्या डिस्कवर आणि पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलवर हे काहीच नाही. एखाद्या छोट्या पेटीत एसडी कार्डावर एसक्यूलाइट चालवत असाल, तर त्या कार्डाचे हाल होतील.

७.० मध्ये प्रॉक्सीला स्मृतीत मोजमापे ठेवण्याची सोय आली आहे. तिचे डिस्क, मेमरी आणि हायब्रिड असे तीन प्रकार आहेत. केवळ मेमरीचा प्रकार वेगवान असला तरी प्रॉक्सी बंद पडला की त्यातले सारे जाते. हायब्रिडमध्ये प्रॉक्सी रीतसर बंद केला, तर उरलेले डेटाबेसमध्ये उतरवले जाते. वीज अचानक गेली तर तेवढी संधी मिळत नाही. कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करता तुमच्या दोन्ही ठिकाणी मी डोळे मिटून डिस्कचा प्रकार निवडेन.

पॅकेटवाचक

‘डेटाबेस रिकामा केला की चालते आणि थोडा साठा झाला की अडते’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. यातून जवळजवळ निश्चितपणे एकच गोष्ट समोर येते: टनेलमधून लहान पॅकेट जातात, मोठी जात नाहीत.

झॅबिक्सचा प्रॉक्सी मोजमापे पाठवण्यापूर्वी ती संकुचित करतो. सगळे सुरळीत असताना त्याच्याकडे सेकंदाभराचीच मोजमापे असतात. ती संकुचित झाल्यावर अनेकदा एका पॅकेटातही पूर्ण भरत नाहीत, म्हणून टनेलमधून निघून जातात. लाइन काही क्षण गेली की साठा होतो. पुढच्या वेळी प्रॉक्सी एका खेपेत १००० मोजमापे पाठवू पाहतो, त्यासाठी पूर्ण आकाराची अनेक पॅकेट लागतात आणि ती वाटेत नाहीशी होतात. खेप अपुरी राहिली म्हणून प्रॉक्सी तीच खेप पुन्हा पाठवतो, तोवर साठा आणखी वाढतो, आणि आता लहान खेप कधीच तयार होत नाही. एकदा मागे पडलेला प्रॉक्सी आपणहून कधीच सावरत नाही, तो यामुळे.

कुडाळच्या कॉन्फिगरेशनचेही तेच. ६.४ पासून प्रॉक्सी दर १० सेकंदांनी सर्व्हरला ‘माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचे कॉन्फिगरेशन आहे, पुढे काही बदल आहे का’ असे विचारतो. बदल नसेल तर उत्तर चिमुकले असते, ते पोहोचते, आणि ‘शेवटचा संपर्क’ ताजा दिसतो. तुम्ही नवा राउटर त्याच्या साच्यासह (काय मोजायचे आणि तपासायचे याच्या तयार संचासह) जोडलात की उत्तर मोठे होते आणि तेच नेमके पोहोचत नाही. टेलनेट आणि साधे पिंग यांतून तर फक्त लहान पॅकेटांची ये-जा होते, त्यामुळे ती चाचणी इथे निरुपयोगी आहे. पिंग लागते म्हणून लाइन उत्तम, असे सांगून फोन ठेवणाऱ्या मदतकेंद्रांना हे समजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, असो.

कारण असे. इथरनेटवर पॅकेटाची कमाल लांबी १५०० बाइट असते, पीपीपीओईवर ती १४९२ होते, आणि आयपीसेकचे आवरण चढल्यावर आणखी कमी होते. किती कमी, ते निवडलेल्या सायफरवर (कूटबद्ध करण्याच्या पद्धतीवर) अवलंबून असते. प्रॉक्सी आणि सर्व्हर या दोघांनाही आपल्या शेजारच्या इथरनेटखेरीज काही दिसत नाही, म्हणून ते १५०० च्या हिशेबाने पॅकेट बनवतात आणि त्यांवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावतात. वाटेतल्या राउटरला ते पॅकेट झेपले नाही, तर त्याने ते टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप देणाऱ्या प्रोटोकॉलचा; पिंगही त्यातलेच) ‘तुकडे करणे आवश्यक’ हा निरोप द्यायचा, अशी पद्धत आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली कोणी सरसकट आयसीएमपी बंद केले असेल, तर हा निरोप पोहोचत नाही आणि पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. केवळ पिंगपुरते आयसीएमपी उघडे ठेवून बाकीचे बंद करणारे फायरवॉलही पुष्कळ आहेत, त्यामुळे पिंग लागण्यावरून फसू नका.

तपासणी सोपी आहे. रत्नागिरीच्या प्रॉक्सीवरून पुण्याला पिंग करताना तुकडे न करण्याचा पर्याय लावा आणि मजकुराची लांबी १४७२ ठेवा. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. उत्तर आले नाही तर लांबी कमी करत जा आणि कोणत्या आकड्याला उत्तर येऊ लागते ते पाहा. त्या आकड्यात २८ मिळवले की टनेलची खरी क्षमता कळेल. पुण्याहून रत्नागिरीकडेही हीच चाचणी करा, कारण दोन्ही दिशांचे उत्तर सारखेच येईल असे गृहीत धरता येत नाही.

त्याच वेळी दोन्ही टोकांना टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारे साधन) लावून १००५१ ची वाहतूक पाहा. प्रॉक्सीच्या बाजूला १४०० हून अधिक लांबीचा एकच तुकडा वारंवार जाताना दिसेल. दोन प्रयत्नांमधले अंतर प्रत्येक वेळी साधारण दुप्पट होत जाईल. पुण्याच्या बाजूला मात्र सुरुवातीची तीन लहान पॅकेट आणि एन्क्रिप्शनची बोलणी दिसतील आणि नंतर शांतता. हे चित्र दिसले की आणखी पुरावा लागत नाही.

दख्खनी तंत्रज्ञ

पॅकेटवाचक यांचे निदान मलाही पटते. तरी टनेलची दुरुस्ती चालू असतानाच घड्याळांकडेही पाहून घ्यावे असे सुचवतो, कारण दोन्ही दुखणी एकत्र असली की आलेख वाचणे अशक्य होते. प्रॉक्सीने गोळा केलेल्या मोजमापावर प्रॉक्सीच्या घड्याळाची वेळ पडते, तर ‘शेवटचा संपर्क’ सर्व्हरच्या घड्याळाने मोजला जातो. प्रॉक्सीचे घड्याळ मागे असेल, तर वेळेत आलेली माहितीसुद्धा उशिरा आल्यासारखी दिसते.

शाखांमध्ये रास्पबेरी पायसारखी पेटी वापरत असाल, तर चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये वीज गेल्यावर वेळ जपणारे घड्याळच नसते. पाचव्या पिढीत ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी बसवावी लागते. वीज परत आली आणि इंटरनेट यायला उशीर झाला, तर ती पेटी जुन्याच वेळेने मोजमापे गोळा करू लागते. प्रमाणपत्रांवर आधारलेले एन्क्रिप्शन असेल, तर ‘प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही’ अशी तक्रार येते. पूर्वसामायिक किल्लीला वेळेशी देणेघेणे नसते, म्हणून तुमच्याकडे ही तक्रार दिसणारही नाही आणि चुकीच्या वेळेची माहिती बिनबोभाट जमा होत राहील. वेळ जुळल्याशिवाय प्रॉक्सीची सेवा सुरूच होणार नाही, असे सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) बांधून ठेवता येते.

वेळ कुठून घ्यायची याबाबत आपल्याकडे नियमही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवायची असतात. प्रत्येक शाखेने बाहेर धाव घेण्यापेक्षा पुण्यात एक अंतर्गत वेळ-सर्व्हर ठेवून चारही प्रॉक्सी त्याला जोडणे मला अधिक बरे वाटते, कारण एनटीपीची पॅकेट लहान असल्याने ती आजच्या अवस्थेतही टनेलमधून जातील.

कोकणलाइन

चाचण्या केल्या. रत्नागिरीहून पुण्याकडे १३७२ लांबीपर्यंत उत्तर येते, त्यापुढे अजिबात नाही. म्हणजे टनेलची क्षमता १४०० बाइट झाली. पुण्याहून उलट दिशेलाही तेवढीच आहे. ‘तुकडे करणे आवश्यक’ हा निरोप कोणत्याही बाजूला दिसला नाही. डंपमध्येही पॅकेटवाचक यांनी सांगितले तसेच चित्र आहे: रत्नागिरीच्या बाजूने एकच मोठा तुकडा वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा निघतो आणि पुण्यात त्याचा मागमूस नसतो.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांना हे दाखवल्यावर त्यांनी सांगितले की पिंग वगळता सर्व आयसीएमपी बंद ठेवणे हे त्यांचे धोरण आहे आणि ते बदलायला वरून लेखी मंजुरी लागेल. मंजुरी येईपर्यंत काय करता येईल?

सोलापूरचे कोडे मात्र सुटलेले नाही. त्याची लाइन जुनीच आहे, त्याच्याकडून १४७२ चे पिंगही जाते, तरी त्याला उशीर का?

रात्रपाळी

सोलापूरचा उशीर हा रत्नागिरी आणि कुडाळच्या दुखण्याचाच परिणाम आहे. सक्रिय प्रॉक्सी सर्व्हरवर येतात तेव्हा त्यांची माहिती ‘ट्रॅपर’ नावाच्या प्रक्रिया स्वीकारतात. सर्व्हरच्या फाइलमध्ये काही बदललेले नसेल, तर अशा प्रक्रिया ५ असतात, आणि ‘ट्रॅपर टाइमआउट’ ३०० सेकंद असतो. रत्नागिरीची खेप अर्धवट पोहोचली की एक ट्रॅपर उरलेल्या भागाची वाट पाहत पाच मिनिटांपर्यंत अडकून पडतो. तोवर रत्नागिरीने नवा प्रयत्न सुरू केलेला असतो, तो दुसऱ्या ट्रॅपरला अडकवतो. कुडाळचेही तसेच. पाचही खिडक्या अशा अडल्या की सोलापूरला रांगेत उभे राहावे लागते. ट्रॅपर प्रक्रिया किती टक्के व्यग्र आहेत याचा अंतर्गत घटक सर्व्हरवर असतो. त्याचा आलेख सोलापूरच्या उशिरांवर ठेवून पाहा, बहुधा ते जुळतील.

ट्रॅपरची संख्या वाढवावी का, असे तुम्ही विचाराल. वाढवा, पण हे दुखण्यावरचे औषध नव्हे. टनेल दुरुस्त केल्याशिवाय वीस ट्रॅपर दिलेत, तर वीस अडकतील, फक्त थोडे उशिरा.

दुरुस्तीपुरती मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. टनेलच्या दोन्ही टोकांच्या राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातल्या मजकुराची कमाल लांबी) १३६० ला बांधून टाका. १४०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की हा आकडा येतो. लिनक्स राउटर असेल तर आयपीटेबल्स या त्याच्या फायरवॉलमध्ये तो मार्गाच्या क्षमतेला आपोआप बांधण्याचा पर्यायही आहे. पण तुमच्याकडे त्या क्षमतेची खबर पोहोचतच नसल्यामुळे मी आकडा स्पष्ट लिहीन. संपर्काच्या पहिल्या पॅकेटांतच दोन्ही बाजूंना ‘याहून मोठा तुकडा पाठवू नका’ असे कळते आणि आयसीएमपीच्या निरोपावर काही अवलंबून राहत नाही.

राउटरलाही हात लावू देत नसतील, तर प्रॉक्सी आणि सर्व्हर या दोन्ही यंत्रांच्या लिनक्सवर टीसीपीची एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) चाचपणी सुरू करता येते. मोठे पॅकेट सतत हरवत असल्याचे लक्षात आले की कर्नल आपणहून लहान पॅकेट पाठवू लागतो. मला ती दुय्यम वाटते, कारण आधी काही पॅकेट हरवावी लागतात आणि उशीर होतोच. शिवाय पुण्याच्या सर्व्हरवर ती लावली, तर तिथल्या इतर सगळ्या वाहतुकीवरही तिचा अंमल होतो.

थेम्सकाठ

मी लंडनहून इसिंगा २ या दुसऱ्या देखरेख-प्रणालीची अशीच पसरलेली मांडणी सांभाळतो. टनेल बदलल्यावर आमच्याकडेही याच जातीचा त्रास झाला होता, म्हणून दोन फरक नोंदवतो.

झॅबिक्सचा प्रॉक्सी प्रत्येक खेपेला नवा संपर्क उघडतो, त्यामुळे एमएसएस बांधल्याचा परिणाम तुम्हाला लगेच दिसेल. इसिंगाचे घटक ५६६५ या पोर्टवर एकमेकांशी जोडले गेले की तो संपर्क उघडाच ठेवतात. एमएसएस फक्त संपर्क सुरू होताना ठरतो, म्हणून आधीपासून उघड्या असलेल्या संपर्कावर काहीच फरक पडत नाही आणि माणूस उगाच समजतो की उपाय लागू पडला नाही. तिथे सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

दुसरे असे की, संपर्क तुटल्यावर माहिती किती काळ जपायची, हे प्रत्येक साधनात वेगळे असते. इसिंगामध्ये मूळ मूल्य १ दिवसाचे आहे. प्रोमिथियस हे आणखी एक देखरेखीचे साधन दूरच्या साठ्याला माहिती पाठवत असेल आणि तो साठा साधारण दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला, तर न पाठवलेली माहिती जाते. झॅबिक्सचा एक तास या सर्वांत कंजूष आहे. शाखेची लाइन रात्री गेली आणि सकाळी आली, तर रात्रीचे काहीच उरणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून विदागार यांच्या सूचनेला माझा दुजोरा.

ओसरीवरून

एक मूलभूत शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक शाखेत पूर्ण झॅबिक्स सर्व्हर बसवून ते एकमेकांशी जुळवून घेतले, तर लाइन गेल्यावरही शाखेत सतर्कतेचे निरोप मिळत राहतील ना? प्रॉक्सी स्वतः ट्रिगर (बिघाड झाला का हे ठरवणारी अट) तपासत नाही असे वाचले आहे.

रात्रपाळी

बरोबर वाचलेत, प्रॉक्सी फक्त गोळा करतो आणि पुढे पाठवतो, ट्रिगर सर्व्हरच तपासतो. तुम्ही म्हणता तशी नोड पद्धत पूर्वी झॅबिक्समध्ये होती. प्रत्येक नोडला स्वतःचा पूर्ण डेटाबेस आणि नोडांमध्ये दुतर्फा जुळवणी, असा तो प्रकार होता. २०१४ साली आलेल्या २.४ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. माझ्या मते ते योग्यच झाले. मोजमापे एकाच दिशेने जातात आणि कॉन्फिगरेशन दुसऱ्या दिशेने येते, एवढे सरळ असूनही आपण इथे इतका काथ्याकूट करतो आहोत. दोन्ही बाजूंना दोन्ही गोष्टी बदलता आल्या असत्या, तर कोणाचे खरे धरायचे याचाच वाद मिटला नसता. शाखेत स्थानिक निरोप हवेच असतील, तर तिथे स्वतंत्र छोटा सर्व्हर ठेवा आणि त्याची मुख्य सर्व्हरशी जुळवणी करण्याच्या फंदात पडू नका.

कोकणलाइन

रत्नागिरीच्या टनेलवर दोन्ही बाजूंनी एमएसएस १३६० ला बांधला आणि प्रॉक्सी हिस्टरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला. ऑफलाइन बफर २४ तासांचा करून ठेवला होता, त्यामुळे साठा मोठा होता. ट्रॅपरची व्यग्रताही खाली आली आणि सोलापूरचा उशीर थांबला.

मात्र दोन नव्या गोष्टी दिसत आहेत. साठा उतरत असतानाही रत्नागिरीचा आलेख ‘आत्ता’पर्यंत येत नाही, काही तास मागेच चालतो. आणि आदल्या रात्री घडून गेलेल्या बिघाडांचे निरोप आता सगळ्यांच्या मोबाइलवर धडाधड येत आहेत. साहेबांचाही फोन येऊन गेला.

विदागार

दोन्ही अपेक्षित आहेत. प्रॉक्सी सर्वांत जुने मोजमाप आधी पाठवतो, त्यामुळे ताजे मोजमाप रांगेच्या शेवटी असते आणि साठा संपेपर्यंत आलेख मागेच राहतो. वर मांडलेल्या हिशेबातले १ कोटी २९ लाख ६० हजार मोजमाप घ्या. १००० च्या खेपा केल्या तर १२,९६० खेपा होतात. एका खेपेला पाव सेकंद लागला, तरी ३,२४० सेकंद, म्हणजे ५४ मिनिटे. आणि तेवढ्यात नवी मोजमापेही जमत असतात. लाइनची ये-जा संथ असेल, तर तासांचा हिशेब होतो. साठा उतरण्याचा वेग नवी मोजमापे येण्याच्या वेगापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे ना, एवढे पाहा आणि धीर धरा. पुन्हा डेटाबेस रिकामा करून आलेख ‘आत्ता’वर आणण्याचा मोह होईल, मग बफर वाढवून वाचवलेली माहिती आपणच फेकून दिल्यासारखे होईल.

मुख्य सर्व्हरच्या हिस्टरी कॅशवरही (आलेली मोजमापे डेटाबेसमध्ये जाण्यापूर्वी जिथे थांबतात त्या स्मृतीवरही) नजर ठेवा. अनेक प्रॉक्सी एकाच वेळी साठा रिकामा करू लागले आणि ती कॅश भरत आली, तर सर्व्हर प्रॉक्सींना थांबायला सांगतो. कुडाळची दुरुस्ती रत्नागिरीचा साठा उतरल्यावरच करा.

निरोपांचे म्हणाल, तर मागाहून आलेल्या मोजमापांवरही सर्व्हर ट्रिगर तपासतोच. म्हणून दुरुस्तीपूर्वी त्या शाखेचा यंत्रसमूह देखभाल-कालावधीत टाकावा, माहिती गोळा होत राहील असा प्रकार निवडून. ‘माहितीच आली नाही’ हे तपासणारे ट्रिगर वेगळे: त्यांचे नोडेटा हे फंक्शन प्रॉक्सीशी संपर्क तुटल्याची दखल घेते आणि लगेच ओरडत नाही. कोणी त्याला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय लावला असेल, तर ते प्रॉक्सीचा विचार न करता ओरडते. साच्यांमध्ये तो कुठे लावला आहे, ते एकदा शोधून पाहा.

कोकणलाइन

साच्यांत दोन ठिकाणी ‘स्ट्रिक्ट’ सापडला, तो काढला. कुडाळचा यंत्रसमूह देखभालीत टाकून तिथेही एमएसएस बांधला. सर्व्हरवरून कुडाळच्या प्रॉक्सीला कॉन्फिगरेशन ताबडतोब घेण्याचा आदेश दिला आणि अडून बसलेला राउटर काही सेकंदांत यादीत दिसू लागला. वेळ-सर्व्हर पुण्यात उभा केला असून चारही प्रॉक्सी त्याला जोडले आहेत.

एक प्रश्न नांदेडचा. पुण्यात दुसरा सर्व्हर घेऊन दोघांची उच्च उपलब्धतेची जोडी केली आहे. चाचणीसाठी पहिला सर्व्हर बंद केला, तेव्हा दुसऱ्याने एका मिनिटात काम हाती घेतले, बाकीचे तीन प्रॉक्सी त्याच्याकडे वळले, नांदेडचा मात्र पहिल्याच सर्व्हरचे दार ठोठावत राहिला.

रात्रपाळी

नांदेडच्या प्रॉक्सीच्या फाइलमध्ये ‘सर्व्हर’ या ओळीत बहुधा पहिल्याच यंत्राचा पत्ता आहे. सक्रिय प्रॉक्सीला जोडीतली दोन्ही यंत्रे सांगावी लागतात आणि त्यांच्या पत्त्यांमध्ये अर्धविराम द्यावा लागतो. स्वल्पविराम हा निष्क्रिय प्रॉक्सीच्या यादीसाठी असतो, तिथे त्याचा अर्थ ‘या सर्वांकडून संपर्क स्वीकारा’ असा होतो. ओळ बदलल्यावर प्रॉक्सीची सेवा पुन्हा सुरू करा, आणि नांदेडच्या फायरवॉलमध्ये दुसऱ्या यंत्राच्या १००५१ ला वाट आहे की नाही, तेही पाहा.

पॅकेटवाचक

आणि दुसऱ्या यंत्राकडे जाणारी वाट वेगळ्या टनेलमधून असेल, तर १४७२ चे पिंग तिथेही करून पाहा. रत्नागिरी आणि कुडाळसाठी प्रत्येक प्रॉक्सीच्या ‘प्रॉक्सी हिस्टरी’वर आणि सर्व्हरच्या बाजूला त्या प्रॉक्सीच्या ‘विलंब’ या अंतर्गत घटकावर ट्रिगर लावून ठेवा. ‘शेवटचा संपर्क’ यावरचा ट्रिगर राहू दे, पण केवळ त्याच्यावर विसंबू नका.

कोकणलाइन

नांदेडच्या ओळीत एकच पत्ता होता. अर्धविराम देऊन दुसरा जोडला आणि अदलाबदलीची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी चारही प्रॉक्सी वळले. विलंब आणि शिल्लक या दोन्हींवर ट्रिगर लावले आहेत. आयसीएमपीचा तो एक निरोप उघडण्याचा अर्ज डंपच्या चित्रासह वर पाठवला आहे, तो मंजूर होईपर्यंत एमएसएसची ओळ राउटरवर तशीच राहील.